मालीश : कोणाला, कधी आणि किती?

 

दिवसभर राबून तुम्ही इथे येऊन बसला आहात. कोणाची पाठ धरली आहे. कोणाचे खांदे भरून आले आहेत. कोणी बसल्या जागी आपलीच पोटरी दाबत आहे. ते आम्हाला इथून दिसते आहे. म्हणून आज आम्ही त्याच गोष्टीवर बोलणार आहोत. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला मालीश केल्याने फायदा होतो का? होत असेल तर किती होतो? आणि कोणत्या वेळी मालीश केली तर उलट नुकसान होते?

प्रश्न साधा वाटतो. पण या प्रश्नापायी माणसाचा पैसा जातो, कधी हात अधू होतो, आणि एखाद्या वेळी जीवही जातो. तेव्हा जरा ध्यान देऊन ऐका.

मालीश आपल्याला नवी नाही

मालीश काही आपल्याला शहराने शिकवली नाही. दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे आई अंगाला तेल लावते, उटणे लावते, मग न्हाऊ घालते. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावतात. थकला गडी घरी आला की म्हणतो, "जरा पाय चेप रे बाबा."

कोल्हापूरकडच्या तालमींत जाऊन पाहा. तिथे पहाटेपासून जोर आणि बैठका चालतात. लाल मातीच्या हौद्यात कुस्ती धरतात. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. मेहनत झाली की पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. कोणी हाताने रगडतो, कोणी कोपराने, कोणी पाठीवर पाय देऊन. वस्ताद सांगतात, "रगडल्याशिवाय अंग मोकळं होत नाही."

जुन्या वैद्यकाच्या पोथ्यांतही मालीश सांगितली आहे. तिला अभ्यंग म्हणतात. अभ्यंगाने शीण जातो, असे वाग्भटाच्या ग्रंथात आहे. पण त्याच ग्रंथात असेही आहे, की ज्याला अजीर्ण झाले आहे त्याने अभ्यंग करू नये. म्हणजे जुन्या जाणत्यांनीही मालीश सगळ्यांना, सदासर्वदा सांगितली नव्हती. हे आपण विसरतो.

महात्मा गांधी रोज अंगाला मालीश करून घेत. १९४६ साली त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. माती, पाणी, साधा आहार आणि मालीश, असे ते उपचार होते.

तेव्हा मालीश जुनी आहे आणि आवडती आहे. पण जुनी गोष्टही पारखून घ्यावी लागते. बैल आजाचा ओळखीचा असला, तरी विकत घेताना आपण त्याचे दात बघतोच.

अंग आंबते म्हणजे काय होते?

उसाच्या पहिल्या तोडीला गेले, किंवा भाताची लावणी सुरू झाली, की दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही. आपण म्हणतो, "अंग आंबलं."

हा शब्द मोठा गमतीचा आहे. कारण शिकलेल्या लोकांनाही पुष्कळ वर्षे असेच वाटत होते. ते म्हणत, की कष्ट केल्यावर स्नायूंत एक आंबट पदार्थ तयार होतो. त्याला लॅक्टिक आम्ल म्हणतात. दह्यातही तेच आम्ल असते. ते स्नायूंत साठून राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखते, आणि मालीश केली की ते बाहेर निघून जाते, असे सांगत.

आता कळले आहे की हे खरे नाही. जोराचे काम करताना ते आम्ल तयार होते, हे खरे. पण काम थांबल्यावर तासा-दीड तासात शरीर आपोआप ते वापरून टाकते. दुसऱ्या दिवशी अंगात ते साठलेले नसतेच.

मग अंग दुखते कशाने? स्नायू हे बारीक तंतूंचे बनलेले असतात. सुंभाचा दोर असतो ना, तसे. सवय नसलेले काम एकदम केले, की त्यातले काही तंतू बारीक बारीक उसवतात. शरीर त्यांची डागडुजी करू लागते. त्या जागी थोडी सूज येते. तिथे दुखते. हे दुखणे काम केल्या केल्या येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असते. मग चार-पाच दिवसांत आपोआप जाते. डागडुजी झाली की स्नायू पहिल्यापेक्षा थोडा घट्ट होतो. म्हणून तोडीच्या दुसऱ्या आठवड्यात तेच काम तितके जड जात नाही.

म्हणजे अंग आंबणे हा रोग नाही. ते शरीराचे दुरुस्तीचे काम आहे.

पारख करून काय दिसले?

मालीश खरोखर उपयोगी आहे का, याची शास्त्रज्ञांनी पारख केली. त्यातल्या तीन गोष्टी आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट कॅनडा देशातली. २०१० साली तिथल्या एका विद्यापीठाने पाहिले, की मालिशीने ते आंबट आम्ल लवकर निघून जाते का. उलटेच दिसले. हाताच्या दाबाने स्नायूतले रक्त तेवढ्यापुरते अडत होते. त्यामुळे आम्ल जायला थोडा उशीरच लागत होता.

दुसरी गोष्टही त्याच देशातली, २०१२ सालची. ११ तरुणांना अगदी दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग त्यांच्या एका पायाला १० मिनिटे मालीश केली. दुसरा पाय तसाच ठेवला. नंतर दोन्ही पायांच्या स्नायूंचा कणभर तुकडा काढून तपासला. मालीश केलेल्या पायात सुजेच्या खुणा कमी दिसल्या. आम्लात मात्र काही फरक नव्हता. माणसे ११ च होती, हे लक्षात ठेवायचे. एका वाफ्यावरून सगळ्या शिवाराचे पीक सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट २०२० सालची, इंग्लंडमधल्या शेफिल्डची. तिथल्या डॉक्टरांनी जगभरच्या २९ पारखी एकत्र केल्या. त्यांत मिळून १०१२ माणसे होती. मालिशीने ताकद वाढते का? नाही. माणूस जास्त वेगाने पळतो का? नाही. जास्त उंच उडी मारतो का? नाही. जास्त वेळ दम टिकतो का? नाही. मग काय होते? दुसऱ्या दिवशीचे दुखणे थोडे कमी होते. आणि अंग थोडे लवचीक होते. एवढेच.

थोडेच, पण खरे आहे.

आता कोणी म्हणेल, "एवढ्याशा फायद्यासाठी मालीश कशाला करायची?" आम्ही म्हणतो, करावी. ज्याला उद्या पुन्हा विळा-कोयता हातात घ्यायचा आहे, त्याला थोडा आरामही मोलाचा आहे. शिवाय मालिशीने मन शांत होते, झोप बरी लागते. आपल्या माणसाचा हात अंगावरून फिरला की बरे वाटते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

पण मालिशीने ताकद येते, असे कोणी सांगितले तर मानू नका. ताकद येते मेहनतीने, पोटभर चांगल्या अन्नाने आणि झोपेने. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तुम्हाला माहीत असतील. १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतात एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक आणणारे ते पहिले. ते पदक वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे आणि डावपेचांचे होते. नुसते तेल चोळून कोणी पैलवान होत नाही.

तेलाचे काम काय?

बाजारात एक माणूस गाडी लावतो. कर्ण्यावरून ओरडतो. "हे तेल हाडात मुरतं! गुडघा, कंबर, मणका, सगळं सात दिवसांत बरं!" बाटलीला तीनशे, चारशे रुपये घेतो. तेवढी मजुरी मिळवायला आपल्या घरच्या बाईला दिवसभर वाकावे लागते.

मंडळी, वरून चोळलेले तेल हाडात मुरत नाही. कातडीखालच्या स्नायूंतही ते जाऊन बसत नाही. तेल कातडीवर राहते, कातडी मऊ करते, आणि हात सरकायला मदत करते. जात्याला वंगण घालावे तसे. तेव्हा घरात जे तेल आहे ते चालते. तिळाचे, करडईचे, शेंगदाण्याचे, खोबरेल, कोणतेही. मोहरीचे तेल एखाद्याच्या कातडीला झोंबते. तसे झाले तर ते वापरू नये. फार महाग तेल घेऊन जास्त गुण येत नाही. त्या पैशात घरात डाळ आणि अंडी आणा. स्नायूची डागडुजी त्यांनीच होते.

मालीश कशी करावी?

तेल कोमट करावे. आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावा. चटका बसता कामा नये. ज्याला साखरेचा आजार आहे, त्याच्या पायाला पुष्कळदा चटका कळत नाही. त्याच्या बाबतीत जास्त जपावे.

हात पायाकडून वर, छातीच्या दिशेने फिरवावा. आधी हलका हात, मग थोडा दाब, शेवटी पुन्हा हलका हात. मांडी, पोटरी, खांदा, पाठीच्या दोन्ही बाजू, अशा मांसल जागी दाब द्यावा. मणक्याच्या हाडावर, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि गळ्यावर जोर देऊ नये.

दहा-पंधरा मिनिटे पुरतात. "जितकं दुखेल तितका गुण," असे काही लोक म्हणतात. ते चूक आहे. आधीच उसवलेले तंतू जोराने रगडले तर आणखी उसवतात. ज्याचे अंग आहे त्याने "पुरे" म्हटले, की थांबायचे.

म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यांच्या पाठीवर पोराला उभे करू नये. मालीश झाल्यावर तळपायाचे तेल पुसून टाकावे, नाहीतर फरशीवर पाय घसरायचा.

आणखी एक. केस कापायला गेले की कोणी कोणी मान धरून कडकन मोडून देतो. आवाज येतो, बरे वाटते. पण मानेतून मेंदूकडे रक्ताच्या वाहिन्या जातात. तशा हिसक्याने त्या फाटून माणसाला अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे आहेत. मान मोडून घेऊ नका. सरळ "नको" म्हणा.

आणि हेही ध्यानात ठेवा. आंबलेल्या अंगाला थोडे चालणे-फिरणे, हलके काम करणे यानेही आराम पडतो. मालीश करायला कोणी नसेल, तर निजून राहण्यापेक्षा चार पावले चाला.

पायात गोळा आला तर?

उन्हात काम करताना पोटरीत एकदम गोळा येतो. माणूस कळवळतो. तेव्हा पाय सरळ करावा, पायाची बोटे हळूहळू आपल्याकडे ओढावीत, आणि पोटरी हलक्या हाताने चोळावी. गोळा सुटतो.

पण घामावाटे पाणी आणि मीठ गेलेले असते. ते चोळून परत येत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. सावलीत बसावे.

फार जास्त काम पडल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मालीश करीत बसू नये. स्नायू फारच मोडल्याची ती खूण आहे. त्याने मूत्रपिंडे बिघडतात. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मालीश केव्हा करू नये?

आता आम्ही सर्वांत महत्त्वाचे सांगतो.

आमच्या पाहण्यातला एक पोरगा होता. अठरा वर्षांचा. तालमीत उमदा. एकदा कुस्तीत तो हातावर पडला. मनगट सुजले. आईबाप शेतात होते. तालमीतल्या जाणत्यांनी तेल गरम केले आणि मनगट रगडले. म्हणाले, "शीर चढलीय, उतरेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा रगडले. मग कामट्या लावून घट्ट बांधले. पोरगा रात्रभर ओरडत होता. आठ दिवसांनी त्याला दवाखान्यात नेले. फोटो काढला. मनगटाचे हाड मोडले होते आणि रगडून रगडून आणखी सरकले होते.

पोरगा आज कामाला जातो. पण त्याची मूठ पुरी मिटत नाही. कुस्ती तर सुटलीच. रगडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचा त्या पोरावर जीव होता. पण नुसत्या मायेने हाड जुळत नाही. पहिल्याच दिवशी फोटो काढला असता, तर एवढे झाले नसते.

म्हणून पडल्यावर, मुरगळल्यावर, सूज आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्या जागेला मालीश नाही आणि शेकही नाही. गार पाण्याची घडी ठेवावी. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. जागा वाकडी दिसत असेल, हलवता येत नसेल, पाऊल टेकता येत नसेल, तर दवाखान्यात जाऊन फोटो काढावा. बांधल्यावर बोटे गार पडली, काळीनिळी झाली, मुंग्या आल्या, तर बांधलेले ताबडतोब सोडावे. नाहीतर हात सडतो.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, आणि माणूस नुकताच आजारपणातून, शस्त्रक्रियेतून किंवा बाळंतपणातून उठला आहे, तर त्या पायाला हात लावू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस दगावतो. डॉक्टरला दाखवा.

ताप असताना मालीश नाही. भातलावणीच्या दिवसांत एकाएकी ताप येतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या फार दुखतात. लोक म्हणतात, "चिखलात उभं राहून पाय भरले." पण तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या मुतामुळे खाचरातल्या पाण्यात त्याचे जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून शिरतात. त्यावर औषध आहे. पण ते वेळेवर घ्यावे लागते. चोळण्यात दोन दिवस घालवले, तर आजार मूत्रपिंडांपर्यंत जातो.

छातीत दाटते, डावा खांदा किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम येतो, हे खांदा भरणे नव्हे. तो हृदयाचा झटका असू शकतो. तेल शोधू नका. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

जखम, गळू, कातडीवर पुरळ असेल तिथेही मालीश नको.

आणि घरातली बाई?

शेवटी एक गोष्ट विचारतो. रागावू नका.

दिवसभर लावणी करून बाई घरी येते. तिची कंबर मोडलेली असते. ती पाणी भरते, भाकरी थापते, भांडी घासते. रात्री सासूबाईंचे पाय चेपते, कधी धन्याचे पाय चेपते. चांगली गोष्ट आहे. पण तिचे पाय कोण चेपते?

मघाशी आम्ही सांगितले, की दमलेल्या स्नायूला मालिशीने थोडा आराम पडतो. स्नायू काही बाईचा वेगळा आणि गड्याचा वेगळा नसतो. दोघेही एकाच चिखलात उभे होते. मग आराम एकालाच का? एका गावात हे आम्ही बोललो, तेव्हा गडी हसले. एक म्हातारी मात्र उठून म्हणाली, "हसू नगा. चाळीस वर्सं मी समद्यांचं पाय चेपलं. माझं पाय येकदाबी कुनी चेपलं न्हाईत." मग कोणी हसले नाही.

सून सासूचे पाय चेपते, तर कधी सासूने सुनेच्या खांद्याला तेल लावावे. धन्याने घडाभर पाणी आणावे आणि तिला घटकाभर टेकू द्यावे. पाणी आणणे ही सुद्धा तिच्या पाठीची मालीशच आहे.

तेव्हा मंडळी, आजचे बोलणे थोडक्यात असे. मालीश करावी, पण घरच्या तेलाने, हलक्या हाताने, दमलेल्या अंगाला. मालिशीने आराम मिळतो, ताकद मिळत नाही. नुकतीच इजा झाली असेल, सूज असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवावी आणि दवाखान्याची वाट धरावी.

हे तुम्ही आता स्वतः वाचू शकता. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना घरी गेल्यावर वाचून दाखवा. तालमीतल्या पोरांना तर जरूर वाचून दाखवा.

राम राम.